राजाचा दात आणि हवेची टाकी

या पोरांनो, जवळ बसा. गोष्ट सांगतो, पण आधी पैज. दोघंजण टाकीत हवा भरणार आहेत. एक शहाण्यासारखी भरणार, एक येड्यासारखी. शेवटी भलं कुणाचं होणार, सांगा बघू. सांगितलंत? लई हुशार आहात. आता गप बसून ऐका.

एका जंगलात सिंहाचं राज्य होतं. सिंहाला एक सोन्याचा दात होता. एके दिवशी सकाळी तो तळ्यावर चूळ भरायला गेला, आणि दात निसटून बुडुक करून तळाला गेला.

राजानं दवंडी पिटवली. "आज दिवस मावळताना माझ्याकडं जेवणावळ हाय. त्याच्या आत जो माझा दात आणील, त्याच्या घरातलं कुणी मी खाणार न्हाई. पोरं न्हाई, नातवंडं न्हाई. कायमचं."

सगळं जंगल तळ्याकडं पळालं. वाकून बघितलं. तळं खोल, पाणी काळं. मगरीला विचारलं, "बाई, तू आणतीस का?" मगर म्हणाली, "माझ्या घरातलं तो कधी खाणार होता, म्हणून आणू?" आणि डोळे मिटून पडून राहिली.

मग उरले दोघं. एक येसबा साळू. साळू म्हणजे साळिंदर, ते अंगभर काटेवालं. दुसरा केरबा डुक्कर. दोघंही पाण्याखाली जाऊन कमळाचे कंद काढायचे. पाठीला हवेची टाकी बांधायची, नळी तोंडात धरायची आणि बुडी मारायची. टाकीत हवा दाबून भरायला दोघांच्या घरी कंप्रेसर होता.

आता जंगलात कंप्रेसर कुठून आला, असं विचारू नका. सिंहाला सोन्याचा दात कुठून आला, ते विचारलं नाहीत.

येसबा तडक घराकडं पळाला. त्याची दोन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून मऊ होते, दुर्वांसारखे. आणि राजाला मऊच आवडायचं. ही सगळ्या जंगलाला ठाऊक असलेली गोष्ट.

"ठकू," तो बायकोला म्हणाला, "चूल विझव."

"अवो, कालवण हाय चुलीवर."

"विझव म्हणतो ना. ह्यो कंप्रेसर जे नाकानं ओढतो तेच टाकीत भरतो. पाण्याखाली तुझ्या कालवणाचा धूर पीत बसू का मी?"

ठकूबाईनं चूल विझवली. तोंड मात्र विझलं नाही तिचं.

येसबानं टाकी उचलली, तिच्या गळ्यावरचा शिक्का पुसला. टाकी तपासली कधी, आणि किती दाब सोसते, ते त्यावर लिहिलेलं असतं. त्यानं ते एकदा वाचलं. परत एकदा वाचलं. मग कंप्रेसरच्या गाळणीत हवेतलं पाणी साठलं होतं, ते सोडून दिलं. मग मोठं घमेलं आणून त्यात गार पाणी भरलं आणि टाकी त्यात आडवी ठेवली.

"तिला आंघोळ कशाला?" ठकूबाईनं विचारलं.

"हवा कोंबली की तापते."

"तुम्हीबी तापता. तुम्हाला कधी घमेल्यात ठेवलं न्हाई."

येसबानं नळी जोडली, पिल्लांना मोठ्या दगडामागं पिटाळलं, आणि कंप्रेसर सुरू केला. अगदी हळू. दाबाच्या मीटरची सुई मुंगीसारखी सरकायला लागली. जरा गरम लागलं की तो थांबायचा. टाकी निवू द्यायचा. निवली की सुई थोडी मागं यायची. मग परत चालू.

"मागं कशी आली?" ठकूबाई म्हणाली. "गळतीय का?"

"गळत न्हाई. तापल्यावर सुई थाप मारते. निवल्यावर खरं बोलते."

"सूर्यबी निवत चाललाय. तेवढं बघा."

तेवढ्यात केरबा डुक्कर आला. नुसता बघायला. शेजाऱ्याचं काम किती मागं आहे हे बघितल्याशिवाय त्याला स्वतःचं सुरू करता यायचं नाही.

"काय येसबा, बाळंतपण चाललंय का टाकीचं?"

"केरबा, तुझ्या टाकीचा शिक्का बघितलास का?"

"आजाची टाकी हाय ती माझ्या. आजाचा शिक्का बघत न्हाई आमच्यात."

"फुटंल बाबा."

"आजा फुटला का कधी?"

येसबानं हात लावून टाकी किती तापली ते बघितलं. तो परत सुईकडं बघत बसला.

केरबा घरी गेला. दात आणायचा म्हणजे मोठं काम, आणि मोठं काम म्हणजे आधी पूजा. त्यानं आजाची टाकी बाहेर काढली. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात तशी ती रंगवली, वर बेगड चिकटवली. शिक्का रंगाखाली गेला. मग कंप्रेसरला हळदकुंकू वाहिलं. नेमकं मीटरच्या काचेवर, कारण तिथं गोल तोंड दिसत होतं. त्या तोंडाला त्यानं मळवट भरला. सुई कुंकवाखाली गेली. मग हवा पवित्र व्हावी म्हणून कंप्रेसरच्या नाकाखाली धूप लावला, आणि सगळं जोरात सोडलं.

टाकी तापली. केरबानं हात लावला आणि बायकोला म्हणाला, "बघ, ऊब आली. देव अंगात आला टाकीच्या."

"भरली का पण?"

"मीटर लाल दिसतंय. म्हणजे भरतीच हाय."

मीटर कुंकवानं लाल होतं. ते दुसऱ्या दिवसापर्यंत लालच दिसलं असतं.

बऱ्याच वेळानं त्यानं कंप्रेसर बंद केला. टाकीचा व्हाल, म्हणजे तोंडावरची चावी, फिरवून बंद केला, नळी हिसकून काढली. ती सापासारखी उसळून त्याच्या थोबाडावर बसली. त्यालाही तो शकुनच समजला. आता फक्त नारळ फोडायचा राहिला. दगड शोधला, पण अंगणातले दगड बायकोनं चुलीला लावलेले. केरबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. टाकीच्या डोक्यावर पितळेचा व्हाल, चांगला टणक.

त्यानं नारळ त्याच्यावरच आपटला.

नारळ फुटला नाही. व्हाल तुटला.

पोरांनो, आवाज असा झाला की मगरीनं डोळे उघडले. टाकी अंगणातून सुटली. जाताना केरबाची शेपटी घेऊन गेली. कुंपण गेलं, बाभळ गेली, दोन वारुळं गेली. रंगीत, बेगड लावलेली आजाची टाकी जंगलावरून शिट्टी मारत गेली आणि थेट तळ्यात घुसली. तळ्याच्या बुडाचा चिखल उसळून आभाळात गेला. आणि खाली पडताना त्यातला एक गोळा तळ्याकाठी वाट बघत बसलेल्या राजाच्या पुढ्यात पडला.

गोळ्यात दात होता.

इकडं येसबाची टाकी तेव्हाच भरली. जेवढी हवी तेवढी, एक रेघ कमी नाही, एक रेघ जास्त नाही. त्यानं टाकीचा व्हाल बंद केला, नळीतली हवा फुस्स करून सोडली, मग नळी सोडवली. बोटसुद्धा पोळलं नाही. पाठीला टाकी बांधून तो पळत निघाला. सूर्य अजून चार बोटं वर होता. वाटेत त्याला वाटलं, आपली पिल्लं वाचली.

तो तळ्यावर पोचला तेव्हा राजा हसत होता. सोन्याचा दात चमकत होता. शेजारी केरबा हार घालून, एका अंगावर कलून बसला होता.

"ये येसबा," राजा म्हणाला. "तू काय आणलंस?"

"हवा, महाराज."

"हवा."

"दाबून भरलेली, महाराज."

सगळी सभा हसली. केरबाही हसला, पण हसलं की शेपटीच्या जागी दुखायचं म्हणून लगेच थांबला.

"माझा दात गेला, आणि तू दिवसभर हवा भरत बसलास," राजा म्हणाला. "केरबाला बघ. त्यानं शेपटी दिली माझ्यासाठी."

"महाराज, त्याची टाकी फुटली. नशीब म्हणून कुणी मेलं न्हाई."

"फुटली म्हणून तर दात आला. तुझी कुठं फुटली?"

येसबानं पाठीवरची टाकी चाचपली. त्याची फुटली नव्हती, हे खरंच होतं.

"तुला आत्ताच खाल्लं असतं," राजा म्हणाला, "पण काटे घशात अडकतात." एवढं बोलून त्यानं तोंड वाकडं केलं. दुपारच्या जेवणातलं काहीतरी परत बसवलेल्या दाताच्या फटीत अडकलं होतं. त्यानं हात लांब केला, येसबाच्या पाठीचा एक काटा उपटला आणि दात कोरला. राजाचा चेहरा खुलला.

"हे झकास हाय. रोज जेवण झालं की येत जा."

"आणि पिल्लं, महाराज?"

"त्यांचे काटे कडक झाले की बघू."

तात्पर्य : टाकी नेहमी सावकाश भरावी. शिक्का बघावा, गार पाण्यात ठेवावी, सुईवरची नजर काढू नये. असं करणाऱ्याच्या जिवाला धोका नसतो. येसबाही धडधाकट आहे. राजाचं जेवण झालं की तो पाठ करून उभा राहतो. राजा एक काटा उपटतो, पाठीवरून प्रेमानं हात फिरवतो आणि विचारतो, "येसबा, आता किती राहिले रे?"