कॉलरमागचा लाल टाका

मेजर नवीन माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, मानेकडे बघतात. मग "जरा वळा बगू," म्हणतात आणि काय प्रकार आहे हे कळायच्या आत त्याची कॉलर उलटी करून आत डोकावतात. मी साडी नेसते म्हणून वाचले. पण पहिल्या दिवशी माझ्या पदराकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, ती मला अजिबात आवडली नव्हती.

मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत. आमच्या सांगली-साताऱ्याकडे फौजेतून पेन्शन घेऊन आलेला कुणीही मेजरच होतो. हे स्टोअरला हवालदार होते. नाव बिरा, गाव जतच्या पलीकडे, घर धनगराचं. गावी पक्कं घर आहे, मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला आहे, आणि हा माणूस सांगलीत आमच्या चर्चच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहतो. का, ते कुणाला माहीत नव्हतं. विचारलं की म्हणत, "तुमी कशापायी चौकशी करताय?"

आमच्या चर्चच्या आवारात संडे स्कूलची एक जुनी खोली आहे. महापुराच्या वेळी कुठून कुठून कपड्यांचे गठ्ठे आले, आणि पूर ओसरला तरी गठ्ठे काही संपेनात. त्यात काय नव्हतं! शेरवानी होती, बँडवाल्याचा वाटावा असा जरीचा कोट होता, आणि एका उदार गृहस्थानं तर नुसते टाय पाठवले होते. घरात चिखल शिरलेल्या माणसानं टाय लावून काय करायचं, हे त्या गृहस्थालाच ठाऊक. त्या उरलेल्या गठ्ठ्यांतून आमचं 'कपड्यांचं कपाट' सुरू झालं. एसटी स्टँडवर, घाटावर, पुलाखाली झोपणारी माणसं दर गुरुवारी येतात, नळावर अंघोळ करतात आणि कपाटातले धुतलेले कपडे घालून जातात. मी जन्मभर शाळेत मुलींना शिवणकाम शिकवलं, त्यामुळे बटणं लावणं आणि उसवलेलं शिवणं माझ्याकडे आलं.

एका गुरुवारी मेजर दारात येऊन उभे राहिले. ताठ, मिशा पिळलेल्या, खांद्यावर खाकी किटबॅग. "हितला इन्चार्ज कोण?"

"तसं कुणी नाही," मी म्हटलं.

"मंग चोरी हुतीया," असं म्हणून त्यांनी बाह्या सारल्या आणि कपाट रिकामं करायला घेतलं. तेव्हापासून इन्चार्ज तेच.

मेजरचा कुणावर म्हणून विश्वास नाही. देणाऱ्यांवर नाही, घेणाऱ्यांवर नाही, माझ्यावर तर नाहीच. आलेला शर्ट आधी नाकाला लावणार. "ह्यो माणूस लय बिड्या वडतोय."

"मेजर, आपल्याला काय त्याच्या घरी मुलगी द्यायचीय?"

"चेक करायला काय पैसं पडत्यात, टीचर?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जातील आणि परत येऊन ओढून बघतील. चहाचा ग्लास उजेडात धरून बघतील. वाटप सुरू करण्याआधी पाळकसाहेब प्रार्थना करतात, तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि मेजरचे टक्क उघडे. एकदा मी टोकलं, तर म्हणाले, "समद्यांनी डोळं झाकल्यावर कपाटाकडं कोण बगनार?" आणि त्यांचे डोळे उघडे होते हे तुम्हाला कसं कळलं, असंही वर विचारलं.

घेणाऱ्यांची तर पोलीस ठाण्यात होत नसेल अशी चौकशी व्हायची. बंडू नावाचा एक नेहमीचा गडी आहे, कधी स्टँडवर, कधी मिरजेच्या स्टेशनात झोपतो. त्याला उभा करून मेजर विचारायचे, "राती कुठं झोपला हुतास रं?"

"मिरजंला, फलाटावर."

"शेजारी कोण हुतं?"

"हुता येक म्हातारा."

"उंच का बुटका?"

"आवं, झोपल्याला मानूस उंच का बुटका, मला काय ठावं?"

"पाय कुठवर आल्तं त्ये सांग!"

हे ऐकून आम्ही हसायचो. मला मात्र वाटायचं, या माणसाला झोपलेल्या म्हाताऱ्याच्या पायांशी काय करायचंय? काहीतरी पाणी मुरतंय खास.

आणि मग तो लाल टाका. कपाटातून जाणाऱ्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरमागे, आतल्या बाजूला, मेजर स्वतःच्या हातानं जाड लाल दोऱ्याचे टाके घालायचे. म्हणे, ही माणसं शर्ट नेऊन जुन्या बाजारात विकतात, खूण असली की चोर सापडतो. आता टाके घालायचे तर घाला, पण ते टाके! काही आखूड, एक आडवा, मग उलट फिरून परत तेच. सहावीतल्या मुलीनं असं शिवलं असतं तर मी तिला उसवायला लावलं असतं. मी मेजरना तसं सांगितलंही. "तुमचं तुमच्यापाशी ठेवा," म्हणाले.

त्या टाक्यानं एक चोर खरंच पकडला, पण भलताच. आमच्या चर्चचे सेक्रेटरी गायकवाड सर, मोठं प्रस्थ. एका रविवारी उपासना सुटल्यावर सर आवारात लोकांशी बोलत उभे होते, अंगात निळा चौकड्यांचा झकास शर्ट. मेजर गेटवर येऊन थांबलेच होते. सरळ मागून गेले आणि सगळ्यांसमोर कॉलर उलटी केली. आत लाल टाका! सर म्हणाले, नजरचुकीनं आला. शर्ट नजरचुकीनं अंगात कसा येतो, हे आमच्या बायकांना अजून कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून सरांनी मेजरवर दात धरला.

म्हणून लांब शर्टांची गोष्ट मी सरांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. झालं होतं असं, की कपाटात कधीमधी एखाद्या धिप्पाड माणसाचा शर्ट यायचा, लांब बाह्यांचा, मोठ्या घेराचा. चांगल्या कापडाचा. आणि तो कुणाच्याही अंगावर न जाता नाहीसा व्हायचा. लांब पँटचीही तीच कथा. एकदा मेजर चहाला गेले असताना मी त्यांची किटबॅग हळूच उघडली. चेक करायला काय पैसे पडतात? आत लांब शर्ट, लांब पँट, घडी घालून व्यवस्थित ठेवलेले. मेजर स्वतः मध्यम अंगाचे. ते कपडे त्यांना होणारच नाहीत. म्हणजे विकायलाच! आणि हा दुसऱ्यांच्या माना तपासतो! मला भयंकर राग आला.

"मुद्देमालासकट धरू," गायकवाड सर म्हणाले. "कपाटाजवळ परत उभं करायचं नाही त्याला."

पण त्या आठवड्यात मेजर तापानं पडले आणि गुरुवारी आलेच नाहीत. मला रान मोकळं सापडलं. कपाट उघडलं, शर्टांचा ढीग मांडीवर घेतला आणि एकूण एक वेडावाकडा टाका उसवून टाकला. त्याच लाल दोऱ्यानं सरळ, एकसारखी, बारीक धावदोऱ्याची ओळ घातली. खूण म्हणाल तर खूण आहेच, आणि दिसायलाही नीटस. दुपारी माणसं आली, त्यातले बरेच शर्ट घेऊन गेली. मी स्वतःवर खूष होते.

पुढच्या गुरुवारी मेजर आले. गाल बसलेले, मिशा न पिळलेल्या. गायकवाड सर आधीच खुर्ची टाकून बसले होते. "मेजर, आधी ती बॅग उघडा," सर म्हणाले.

मेजरचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. सवयीनं त्यांनी कपाटातला वरचा शर्ट घेतला, कॉलर उलटी केली, आणि तसेच थांबले. दुसरा घेतला. तिसरा घेतला.

"ह्यो टाका कुनी बदलला?"

"मी," मी म्हटलं. "किती गबाळा होता तो! सगळ्यांना सरळ करून घातला."

"समद्यास्नी?"

"हो. गेल्या गुरुवारी बरेच गेलेसुद्धा."

मेजर खाली जमिनीवर बसले. त्यांना बसलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. म्हणाले, "आवं टीचर, त्यो आमच्या आईचा टाका हुता."

गायकवाड सरांनी खुर्ची जवळ ओढली.

"घोंगड्याच्या दोन पट्ट्या जोडत्यात न्हवं का, तवा आई आसा टाका घालायची. दुसऱ्या कुनाच्या घरी आसा न्हाई. आमचा म्हाकू त्याच घोंगड्यात वाढला. आंधारात नुसती बोटं फिरवली तरी वळखंल."

म्हाकू म्हणजे मेजरचा धाकटा भाऊ. थोरला फौजेत गेला, धाकटा मेंढरांमागं राहिला. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचा, मुलूखभर फिरायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. सगळा जन्म तेच. त्यानं लग्नही केलं नाही.

"मी पेन्शनीत आलो आन् मेंढरं इकली," मेजर सांगत होते. "म्हनलं, बास झाली वनवन. आता पक्क्या घरात ऱ्हा. पलंग घिऊन दिला त्येला. दिवाळी झाली आन् गडी निगाला. मेंढरं न्हाईत, कुत्रं न्हाई, काय न्हाई. घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली, आन् कळपाच्या वाटंनं चालाय लागला. मला वाटलं, यील चार दिसांत. पाऊस आला, त्यो न्हाई आला. मेंढरं इकता आली, टीचर. त्येच्या पायांचं काय करायचं, त्ये मला सुचलं न्हाई."

कपाटाकडे येणारी ही माणसं फिरती, असं त्यांचं गणित होतं. आज सांगलीत, उद्या सोलापुरात, परवा हुबळीला. एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर जातो. "कुठं तरी म्हाकूच्या उशाला त्यातला येकादा झोपंल. म्हाकू त्यो टाका बगंल, म्हनंल, हे कुठनं रं? त्यो म्हनंल, सांगलीत चर्चमदी येक मिशावाला येडा मेजर देतुया."

"आणि ते लांब शर्ट?" मी किटबॅगेकडे बोट दाखवलं.

"म्हाकू माझ्यापरीस लय उंच. आवचित दारात उबा ऱ्हायला तर त्येच्या मापाचं नगं का?" असं म्हणून त्यांनी किटबॅग आपणहून सरांच्या पायाशी सरकवली. "घ्या, चेक करा."

सरांनी बॅगला हात लावला नाही. चष्मा काढून पुसत बसले.

"आम्हाला आधी का नाही सांगितलंत हो?" मी विचारलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, स्वतःचाच.

"सांगितलं आस्तं तर तुमी चा पाजला आस्ता आन् म्हनला आस्ता, ऱ्हाऊ द्या मेजर, देवाची मर्जी. चोर धरतोय म्हनलं की कुनी आडवं येत न्हाई."

खरं होतं. मी अगदी तसंच म्हटलं असतं.

त्या दुपारी वाटप उरकल्याबरोबर मेजर आणि मी सिटी बसनं मिरजेच्या स्टेशनला गेलो. माझ्या पर्समध्ये सुई आणि लाल दोरा. फलाटाच्या टोकाला बंडू भेटला, आणखी काहीजण भेटले, काही गाडीत बसून कुठं निघून गेले होते ते गेलेच. मेजर नुकते तापातून उठलेले, त्यांच्याच्यानं सुईत दोरा जाईना. म्हणून मी बाकावर बसले आणि ते उभे राहून बघायला लागले.

"ह्यो न्हाई. उसवा." मी उसवला.

"आजून सरळ यायलाय. जरा वाकडा घाला की, टीचर! आई काय तुमच्या शाळंत न्हवती."

जन्मभर हात सरळ शिवायला लावलेला, तो वाकडा वळता वळेना. शेवटी एक टाका जमला. मेजरनी कॉलरवरून अंगठा फिरवला, डोळे मिटून. प्रार्थनेत न मिटणारे डोळे मी तेव्हा मिटलेले पाहिले.

"मेजर, एवढं कशाला? मी न्हाई इकत शर्ट," बंडू उघड्या अंगानं म्हणाला.

"तुजा काय भरवसा?" मेजर खेकसले. चोर पकडणं चालूच होतं.

पुढच्या आठवड्यात कपाटात एक निळा चौकड्यांचा शर्ट आला, धुऊन इस्त्री केलेला. कुणी दिला ते आम्ही विचारलं नाही. मेजरनी मात्र वास घेतलाच.

आता टाके मीच घालते. चौकशीही बरीचशी मीच करते, कारण माझ्याशी माणसं जरा मोकळं बोलतात. परवा तर कुपवाडच्या बसमध्ये एक उंच म्हातारा माझ्या पुढं उभा होता, आणि मला राहवेना. मी उठले आणि त्याची कॉलर उलटी केली. तो असा काही ओरडला की कंडक्टर धावत आला. टाका नव्हता.

मेजरना सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी हातातला शर्ट खाली ठेवला. "केवढा हुता?"

मी माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर हात धरून दाखवला.

"न्हाई," मेजर म्हणाले. "म्हाकू आजून वर." आणि टाचा उचलून त्यांनी आपला हात माझ्या हाताच्या वर नेला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.