फ्रिजमधली ध्रुवीय बुरशी

"हिला काय धाड भरणार आहे? ध्रुवावरच्या बर्फात जगलेली बुरशी आहे ही," असं संशोधक बाईंनी वडिलांना छातीठोकपणे सांगितलं आणि सैल झाकणांच्या काचबशांची चवड घरच्या फ्रिजमध्ये ठेवली. प्रयोगशाळेतलं शीतकपाट बंद पडलं होतं, आणि दुरुस्तीवाला "उद्या येतो" या शब्दावर ठाम होता.

या बुरशीत एक एन्झाइम होतं. कडाक्याच्या थंडीतही ते पेशींची नासधूस थांबवायचं. संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीसमोर ते सिद्ध झालं तर संशोधन चालू राहणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

एरवी नखाएवढी वाढायला महिना घेणारी बुरशी घरी येताच फोफावली. आठवड्यात बशा गच्च भरल्या. रंग जरा हिरवट झाला होता. पण तब्येत सुधारली की रंग बदलायचाच, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली आणि मार्गदर्शक सरांना फोन केला.

"सर, घरचं वातावरण मानवलंय हिला."

सरांनी हुरळून समितीला लगेच बोलावलं.

बाईंनी बर्फात ठेवलेल्या नळीत बुरशीचा अर्क घातला, वर पेशींची नासधूस करणारं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. "एन्झाइम या थंडीतही कामाला लागलं की फेस येईल," त्या म्हणाल्या. सगळे वाकले. बऱ्याच वेळाने एक बुडबुडा आला, तोही संकोचत. बाईंनी घाबरून नळी बाहेर काढली. मुठीची ऊब लागली मात्र, फेस उसळून थेट अध्यक्षांच्या बाहीवर गेला.

अध्यक्षांनी बाही पुसली, मग बशी निरखली. "बाई, ही पावावरची बुरशी. आमच्या ओट्यावर रोज येते."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत संशोधन बंद झाल्याचं कळलं.

घरी येऊन बाईंनी फ्रिज उघडला. आत जेमतेम गारवा, आणि बशांच्या जागेखाली बुरसटलेला पाव.

"बाबा, याचं बटण तुम्ही फिरवलंत?"

"हो. गार पाण्यानं दात ठणकतात गं. तुझ्या बशांना मात्र बोटसुद्धा लावलं नाही."

बाई खुर्चीत बसल्या. रागवायचं म्हटलं तरी कोणावर रागवणार?

"मेली का सगळी?" बाबांनी हळूच विचारलं.

"मेली."

"मग आता दुसरी कुठे मिळते?"

"ध्रुवावर."

बाबांनी उठून कपाट उघडलं. मग म्हणाले, "मफलर घेऊन जा."