वसंतरावांची वामकुक्षी

डॉक्टर नीलकंठ गर्गे यांना दवाखान्यात सगळे हुशार डॉक्टर म्हणत आणि घरात सगळे संशयी माणूस म्हणत. दोन्ही खरं होतं. दूधवाल्या भैयावर त्यांचा संशय, विजेच्या मीटरवर संशय, आणि बायकोनं ‘माझं डोकं दुखतंय’ म्हटलं तर त्यावरही संशय. अशा माणसाला सरकारनं चौसष्ट साली दिल्लीला प्रशिक्षणाला धाडलं आणि घरादाराची झोप उडवली.

दिल्लीत ते नवी विद्या शिकून आले. तोवर काय होतं, माणसाचं हृदय थांबलं की डॉक्टरनं मान खाली घालायची आणि नातेवाइकांनी गळा काढायचा. आता म्हणे छाती दाबायची, तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा आणि गेलेला माणूस अर्ध्या वाटेवरून माघारी आणायचा. जयपूरच्या त्यांच्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांना हे शिकवायची जबाबदारी गर्गे साहेबांवर आली.

“पहिला नियम, संशय घ्या!” पहिल्याच तासाला ते गरजले. “निपचित पडलेला माणूस दिसला की संशय घ्या. हलवा, हाका मारा, श्वास बघा, मानेवरची नाडी बघा. आणि नातेवाइकांवर तर काडीचा विश्वास ठेवू नका! ‘आत्ताच डोळा लागलाय हो’ म्हणतात, आणि इकडे माणूस थंडगार झालेला असतो.”

आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला, अशी गत झाली. दुपारी डुलकी काढणारा इस्पितळाचा चौकीदार साहेबांनी तीनदा गदागदा हलवून उठवला. तिसऱ्यांदा त्यानं बदलीचा अर्जच दिला. घरी त्यांच्या पत्नी कुसुमताई दुपारी आडव्या पडताना दाराला आतून कडी घालू लागल्या.

सराव करायला पुतळा नव्हता. साहेबांनी घरातली सांगानेरी छापाची जाड रजई गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि दर रविवारी तरुण डॉक्टर बैठकीच्या खोलीत तिची छाती दाबू लागले. मोजायचं काम साहेबांच्या मुलीचं, विनयाचं. ती जन्मापासून जयपुरात वाढलेली, त्यामुळे मोजणीही “एक, दो, तीन” अशीच. बाकीच्यांना महिनाभरात जमलं. प्रभाकर पाठराबे या डॉक्टरला मात्र दिवाळी उलटून गेली तरी जमेना. तो बिचारा दर रविवारी न चुकता यायचा आणि विनया मोजू लागली की न चुकता चुकायचा.

“अहो, हा मुलगा इतका ढ आहे का?” कुसुमताईंनी एकदा विचारलं.

“ढ कसला? चिकाटीचा आहे!”

कुसुमताईंनी कपाळावर हात मारला. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाला नेमका जिथे घ्यायचा तिथे संशय येत नव्हता.

शेवटी प्रभाकरनंच आपल्या आईवडिलांच्या कानावर घातलं. वडील वसंतराव मूळचे नागपूरचे, विमा कंपनीतले मोठे अधिकारी, बदली होऊन जयपुरात आलेले. मुलगी बघायला डिसेंबरातल्या एका रविवारी जेवायलाच येतो, असा त्यांचा निरोप आला.

“आई, मला प्रभाकरच पसंत आहे, मतलब अगदी पक्कं,” विनया आदल्या संध्याकाळी म्हणाली. “पण त्याचे बाबा फार शक्की आहेत म्हणे. दोन मुली नाकारल्या त्यांनी. एकीनं चष्मा लपवला होता, दुसरीनं वय. उद्या हे मोडलं ना, तर मी दुसरा कोणी बघणार नाही. तू फक्त आपल्या बाबांना सांभाळ.”

पोरीचे डोळे भरून आले होते. कुसुमताईंनी देवापुढे दिवा लावला. एका घरात दोन संशयी माणसं जेवायला बसणार म्हणजे देवच वाली!

रविवारी सकाळी विनयानं पुरणपोळ्या लाटायला घेतल्या. एकेक पोळी तव्यावर पडली की फुटायची. अखेर शेजारच्या रत्नप्रभाबाई देवासारख्या धावून आल्या. त्यांनी आपल्या घरी पोळ्या केल्या आणि भिंतीवरून डबा दिला. कुसुमताईंनी विनयाला दटावलं, “तोंडातून चकार शब्द काढू नकोस. पोळ्या तूच केल्यास.”

पाहुणे आले. वसंतराव, त्यांच्या पत्नी मधुमतीबाई आणि नवा कोट घालून घामाघूम झालेला प्रभाकर. वसंतरावांनी कानटोपीसारखा मफलर गुंडाळला होता आणि अंगात जाड कोट होता. थंडी होती, पण पानावर बसल्यावरही त्यांनी दोन्हींतलं काही काढलं नाही.

“सगळं आमच्या विनयानं केलंय हो,” कुसुमताई वाढताना म्हणाल्या.

“वा, वा!” वसंतराव म्हणाले आणि त्यांनी डाव्या बाजूला छातीवर हात ठेवला.

नीलकंठरावांचा घास हातातच राहिला. थोड्या वेळानं वसंतरावांचा हात पुन्हा छातीकडे गेला. आमटी वाढली, हात छातीकडे. विनयानं तूप वाढलं, हात छातीकडे. नीलकंठरावांच्या मनात पाल चुकचुकली.

तूप आणायच्या निमित्तानं ते स्वयंपाकघरात शिरले. “अगं, या माणसाचं हृदय ठीक नाही. मघापासून छाती धरतोय.”

“अहो, पाया पडते तुमच्या! आज तरी डॉक्टरकी खुंटीला टांगा. पोरीचं लग्न आहे!”

“लग्न होईल गं, पण सासरा टिकला पाहिजे ना!”

जेवणं झाली. पुरणपोळीवर वाटीभर तूप ओतून खाल्लेला माणूस जे करतो तेच वसंतरावांनी केलं. “थोडी वामकुक्षी घेतो जी,” असं म्हणून ते बैठकीच्या खोलीतल्या दिवाणावर लवंडले. प्रभाकर आईला घेऊन गच्चीवर ऊन खायला गेला. नीलकंठराव मागच्या अंगणात हात धुवायला गेले. नळाचं पाणी बर्फासारखं होतं, बोटं बधिर झाली.

बैठकीच्या खोलीला लागूनच स्वयंपाकघर. कुसुमताई हलक्या आवाजात बोलू लागल्या. त्यांचा हलका आवाज म्हणजे दोन घरं सोडून तिसऱ्या घरात ऐकू जाणारा.

“सुटलो बाई! रत्नप्रभाबाईंच्या पोळ्यांनी लाज राखली. आता होकार येईपर्यंत गप्प बस.”

“नाही आई, मी सांगून टाकणार. त्यांना उठू तर दे. पोळ्या मी नाही केल्या, मला येतच नाहीत, असं साफ सांगणार.”

“वेडी झालीस? लग्न मोडेल!”

“मोडू दे. मतलब, मला रडू येईल. खूप रडू येईल. पण झूठ बोलून त्या घरात कशी जाऊ? आणि जन्मभर पोळ्या कोण पुरवणार, रत्नप्रभामावशी?”

तेवढ्यात नीलकंठराव हात पुसत बैठकीच्या खोलीत आले आणि दारातच थबकले. दिवाणावर वसंतराव उताणे पडले होते, तोंड अर्धवट उघडं, हात डाव्या छातीवर.

झोपलेला माणूस असा इतका नीटनेटका झोपतो? साहेबांना संशय आला. ते जवळ गेले.

“वसंतराव! अहो वसंतराव!”

वसंतराव हलले नाहीत. साहेबांनी खांदे धरून गदागदा हलवलं आणि कानाशी तोंड नेऊन अशी आरोळी ठोकली की भिंतीवरची चिमणी उडाली. वसंतरावांची पापणी तेवढी फडफडल्यासारखी वाटली. साहेबांनी वाकून छातीकडे पाहिलं. छाती वर नाही, खाली नाही. श्वास साफ बंद!

मफलरखाली हात घालून त्यांनी नाडी चाचपली, पण बधिर बोटांना एकमेकांचा स्पर्शसुद्धा कळत नव्हता. “गेला!” साहेब ओरडले. “प्रभाकर! खाली ये!”

एरवी पाटावरून उठताना दोनदा ‘आई गं’ म्हणणाऱ्या साहेबांनी काखेत हात घालून वसंतरावांना दिवाणावरून खाली सतरंजीवर ओढलं. रुग्ण कठीण जमिनीवर हवा, हा दुसरा नियम. कुसुमताई आणि विनया धावत आल्या. प्रभाकर जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उड्या मारत आला, मागून मधुमतीबाई.

“सर, थांबा! ते झोपलेत, सर!”

“हेच! अगदी हेच म्हणतात नातेवाईक! काय शिकवलं होतं मी?”

“पण सर, मी डॉक्टर आहे!”

“आत्ता तू नातेवाईक आहेस. हो बाजूला!”

“बाबा, नब्ज! पहिले नब्ज तर बघा!” विनया किंचाळली. इतके रविवार तिनं काही उगाच मोजणी केली नव्हती; आधी नाडी, हे तिलाही पाठ होतं.

पण साहेबांचे तळहात एकावर एक चढले होते, कोपर ताठ झाले होते. त्यांनी पहिला दाब दिला.

कडाड्!

“बरगडी गेली!” साहेब आनंदानं म्हणाले. “जाऊ दे, दिल्लीत सांगितलंय, बरगडी मोडली तरी चालेल!”

“अरे बाप्पा!” वसंतराव उठून बसले. साहेबांचं कपाळ आणि त्यांचं कपाळ एकमेकांवर आदळलं. “काय करून राहिले जी तुम्ही? जीव घेता काय माझा?”

“जिवंत झाले!” साहेब कपाळ चोळत ओरडले. जिवंत माणूस जिवंत झाल्याचा एवढा आनंद जयपुरात कुणाला झाला नसेल.

विनया भिंतीला टेकून खाली बसली. संपलं सगळं, असं तिला वाटलं, आणि ती ओढणीत तोंड लपवून रडू लागली.

मधुमतीबाई मात्र शांतपणे पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि चुरा झालेली एक काळी डबी बाहेर काढली. डबीतून निघालेली वायर मफलरखालून थेट कानापर्यंत गेली होती.

“बरगडी नाही जी, मशीन मोडली,” त्या म्हणाल्या. “टायफॉईड झाल्यापासून यांना कमी ऐकू येते. तुम्हाला कळू नये म्हणून मफलर. आवाज वाढवायला घडी घडी खिशात हात घालत होते.”

कुसुमताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. छाती दुखत नव्हती, मशीनचं चाक फिरत होतं!

वसंतराव ओशाळले. दुसऱ्यांच्या मुलींचा चष्मा शोधणारा माणूस स्वतःचा बहिरेपणा लपवताना सापडला होता. “झोपताना बंद करून ठेवली होती मशीन,” ते भलत्याच मोठ्या आवाजात म्हणाले. “म्हणून तुमच्या हाका कळल्या नाहीत.”

नीलकंठराव कोपऱ्यात उभे होते. आपण मुलीच्या सुखावर दोन्ही तळहातांनी दाब दिला, हे त्यांना आता कळलं. “वसंतराव, चूक माझी आहे,” ते म्हणाले. “शिक्षा पोरीला करू नका.” पण मशीन मोडलेली. त्यांना हेच चारदा ओरडावं लागलं. चौथ्यांदा गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

वसंतरावांनी मफलर सारखा केला. “मुलगी पसंत आहे!” त्यांनी गर्जना केली. शेजारच्या अंगणात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. “इतकी वर्षं विम्यात काढली. अर्जावर सही करताना सगळेच खोटं बोलतात, मीसुद्धा बोलीन. खरं बोलणारं माणूस मला आज पहिल्यांदा भेटलं!”

विनयानं ओढणीतून तोंड वर काढलं. प्रभाकरनं देवाला हात जोडले. कुसुमताई साखर आणायला धावल्या, पण वाटेत जराशा थांबल्या. खरं बोलणारं? जेवताना पोरीनं तर तोंडही उघडलं नव्हतं.

संध्याकाळी पाहुणे निघाले. फाटकापाशी वसंतराव वळले आणि हात जोडून म्हणाले, “वहिनी, पोळ्या फर्स्टक्लास होत्या. रत्नप्रभाबाईंना आमचा नमस्कार सांगा.”

टांगा गेला. कुसुमताई फाटक धरून तशाच उभ्या राहिल्या.

“रत्नप्रभाबाई यांना कधी भेटल्या?” नीलकंठरावांना संशय आला.

“कुठे भेटणार?” कुसुमताई पदरानं वारा घेत म्हणाल्या. “मशीन चालू होती हो त्यांची! झोपेचं सोंग घेऊन आमचं बोलणं ऐकत पडले होते मेले. तुम्ही हाका मारायला लागलात तेव्हा सोंग उघडं पडू नये म्हणून श्वास धरून बसले असतील!”

नीलकंठरावांचा दुपारपासून पडलेला चेहरा एकदम उजळला.

“म्हणजे श्वास खरंच बंद होता! बघ, माझं निदान बरोबर होतं!”

“नब्ज, बाबा,” आतून विनया म्हणाली.