हत्तीच्या पोटातले दात

ते साल दोन हजार तीन. मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी आमच्या ह्यांची खालची कवळी हरवली होती. माझी स्मरणशक्ती आमच्या गोतावळ्यात प्रसिद्ध आहे. कुठल्या लग्नात कोण रुसलं, कुणी कुणाची छत्री नेली आणि परत केली नाही, सगळं मला तोंडपाठ! आणि आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत. हरवलीच, तर ती दुसऱ्याच्या घरी हरवते.

म्हणून कवळी दिसेना तेव्हा मी जागच्या जागी निदान केलं की ती विहीणबाईंकडे राहिली. आदल्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे, म्हणजे लेकीच्या सासूबाईंकडे, जेवायला गेलो होतो. ह्यांचं म्हणणं, कवळी टोचत होती म्हणून त्यांनी ती काढून रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. मी म्हटलं, तुम्हाला कालची भाजी आठवत नाही, रुमाल कसला आठवतोय? ताटाशेजारी ठेवलीत आणि खरकट्याबरोबर गेली.

विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या घरात चमचेसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभे असतात. माझा फोन त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, प्लंबर बोलावला आणि बेसिनखालचा पाईप थेट भिंतीपर्यंत उघडवला. त्यात एक बटण निघालं. कवळी नाही. मी म्हटलं, वाहून गेली असेल. मनात म्हणायला हवं होतं, ते फोनवर म्हटलं! तेव्हापासून विहीणबाई माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम देऊ लागल्या.

ह्यांनी नवी कवळी करून घेतली. ती तोंडात अशी खडखडायची की हे 'बरं' म्हणाले तरी दारावर कुणी आलंय असं वाटायचं. हे निमूटपणे घालायचे.

त्यानंतर काही महिन्यांनी लेकीचा फोन आला. ती जावयाबरोबर दुसऱ्या शहरात राहायची. आमच्या नातीच्या, म्हणजे चिऊच्या, पोटाचं छोटंसं ऑपरेशन ठरलं होतं. हर्नियाचं. छोटंसं हे डॉक्टरांसाठी. चिऊ पाच वर्षांची. टाके घालणार हे कानावर पडलं आणि ती न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसली. तिला कडी काढायला लावली ती फोनवरून मी. तुझ्यासाठी कापडी हत्ती शिवून आणते, तो तुझ्याबरोबर दवाखान्यात येईल, असं कबूल केलं. आतून प्रश्न आला, "नक्की? हत्ती नाही आला तर मी जाणार नाही."

मी शब्द दिला आणि लगेच शिवायला बसले. राखाडी कोटाचं कापड, कानाला आतून गुलाबी अस्तर. चिंध्यांचं माझं एक गाठोडं असतं, त्यातलं सगळं त्याच्या पोटात गेलं. फाटके मोजे, उशांचे जुने अभ्रे, न निघणाऱ्या डागांचे रुमाल. एक-दोन रुमालांचे बोळे जरा घट्ट होते, ते सोडवत बसले नाही. उलट त्यांच्या वजनाने हत्ती छान बूड टेकून बसायला लागला. मी तो सगळ्या शेजाऱ्यांना दाखवून आले.

विहीणबाईही आजीच, तेव्हा त्याही निघाल्या. आमच्याच रात्रीच्या विमानाने. त्यांनी दुकानातली बाहुली घेतली होती, डोळे मिटणारी, पेटीत बंद. हत्तीकडे पाहून त्या म्हणाल्या, "भक्कम झालाय." पूर्णविराम.

विमानतळावरच्या तपासणीच्या रांगेत उभं राहिल्याबरोबर माझं डोकं फिरलं. आमच्या काळी प्रवास म्हणजे ट्रंक. ट्रंकेला कुलूप. आत काय आहे ते एक मला ठाऊक आणि एक देवाला, आणि देवाने कधी उघडून दाखवायला सांगितलं नाही! इथे बघावं तर चांगली म्हातारीकोतारी माणसं बूट हातात घेऊन उभी, जणू मास्तरांनी वर्गाबाहेर काढलंय. एक पुरुष दोन्ही हात वर करून उभा, त्याच्या बगला दुसरा पुरुष चाचपतोय, आणि रांगेतली पोरं हसतायत. सामानाच्या मशीनचा पडदा तर असा लावलेला की पडद्यापुढे बसलेल्या माणसाला जे दिसेल ते अर्ध्या रांगेलाही दिसावं! माझ्यापुढच्या बाईच्या पर्समधलं सगळं मला दिसलं. मी नको म्हणत होते, तरी दिसलं.

माझी हातपिशवी थांबवली. गणवेशातल्या एका मुलीने ती उघडली आणि एकेक जिन्नस काढून टेबलावर मांडला. माझा गुडघ्याचा पट्टा. ह्यांचं मूळव्याधीचं मलम, नळीवर ठळक अक्षरांत नाव. माझे आतले कपडे, घड्या केलेले, पण म्हणून काय झालं? माझ्या शिवणाच्या डब्यातली कात्री आणि सुया तिने बाजूला काढून ठेवल्या. विहीणबाई माझ्या मागेच. त्या छताकडे पाहत होत्या, पण छतात पाहण्यासारखं काही नव्हतं, त्यावरून मी काय ते ओळखलं.

मी त्या मुलीला म्हटलं की हे घरच्या माणसांनासुद्धा मी दाखवत नाही. ती म्हणाली, "आजी, नियम आहे." आजी! मला साठी लागायची होती. माझी ओळख ना पाळख, माझं मलम बघितलंय म्हणून नातं जोडते!

इतक्यात ह्यांनी आपला पराक्रम केला. हे जन्मभर कारकुनी केलेले. छापील शब्दावर ह्यांची एवढी श्रद्धा की 'गवतावर चालू नये' अशी पाटी असली तर हे गवताकडे बघतही नाहीत. तिथे पाटी होती, 'अंगावरची काढता येण्याजोगी प्रत्येक वस्तू ट्रेमध्ये ठेवावी.' ह्यांनी घड्याळ ठेवलं, चष्मा ठेवला, बूट ठेवले, कमरेचा पट्टा ठेवला. मग पाटी पुन्हा वाचली, आणि नवी कवळी काढून बुटांच्या शेजारी ठेवली. ट्रे सरकत्या पट्ट्यावरून सगळ्यांच्या देखत निघून गेला. हे एका हाताने पँट धरून समाधानाने कमानीखालून पलीकडे गेले. कमान वाजली नाही. माझंच कपाळ वाजायचं राहिलं.

पाठोपाठ हत्ती मशीनमध्ये गेला, आणि पट्टा थांबला. हत्ती मागे आणला. पुन्हा पुढे नेला. पडद्यापुढच्या माणसाने गणवेशातल्या मुलीला बोलावलं, तिने साहेबाला बोलावलं. साहेब म्हणजे जाड भिवयांचा, घामाघूम झालेला गृहस्थ. त्याने विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं चिंध्या. फक्त चिंध्या? मी ताठ उभी राहून म्हटलं की मी माझ्या हातांनी भरलाय, माझ्या नजरेतून सुतळीचा तोडा सुटत नाही.

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. म्हणजे उरलेल्या अर्ध्या रांगेकडेही.

हत्ती दिसत होता, सोंड, कान, सगळं छान. आणि पोटाच्या बरोबर मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दातांची एक ओळ. हसत होती.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ते पोटात असतात हे नव्हतं ऐकलं!

"हे दात कुणाचे?" साहेब म्हणाला.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाच्या माणसाने ह्यांचा ट्रे उचलून विचारलं, इथे बुटाजवळ दात पडलेत, ते कुणाचे? आता साहेबाच्या भिवया केसांना टेकल्या. एक माणूस दातांचे दोन-दोन संच घेऊन फिरतो, एक उघड आणि एक हत्तीत लपवून, हे त्याच्या कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. ह्यांना विचारलं तर हे खालच्या दातांवाचून सगळं सविस्तर सांगायला लागले. कुणाला एक अक्षर कळलं नाही. हातवारे करायला दुसरा हात सोडला असता तर पँट गेली असती.

तेवढ्यात आमच्या विमानाची घोषणा झाली. साहेबाने निकाल दिला. एकतर हत्ती फाडून बघायचा, नाहीतर तो इथेच ठेवून जायचं.

इथे मात्र माझा बांध फुटला. मी म्हटलं, माझे कपडे बघितलेत, ह्यांचं मलम बघितलंत, आता लेकराच्या खेळण्याचं पोट फाडणार? उद्या सकाळी माझी नात त्याची वाट बघत दारात उभी असेल. हा आला नाही तर ती दवाखान्यात पाऊल टाकणार नाही, मग तिचं ऑपरेशन तुम्ही येऊन करणार का? रांगेतून कुणीतरी 'बरोबर आहे' म्हणालं. साहेब घामाने आणखी ओला झाला. म्हणाला, मग तुम्हीच उघडा. मी म्हटलं, माझी कात्री द्या. तर म्हणे प्रवाशाच्या हातात कात्री देता येत नाही!

शेवटी कात्री साहेबाने धरली आणि तोंड मी चालवलं. तिथून नाही, शिवणीवरून. टाका उचला, कापड नाही. हळू. तो बिचारा ओठांतून जीभ बाहेर काढून एकेक टाका उसवत होता, गणवेशातली मुलगी हत्तीचे पाय धरून उभी होती, आणि पन्नासेक माणसं श्वास रोखून बघत होती. मोजे निघाले, अभ्रे निघाले, आणि मग एक घट्ट बोळा. निळ्या काठाचा रुमाल. त्यावर रस्सा सांडल्याचा डाग.

विहीणबाई पुढे झाल्या. त्यांनी चष्मा लावून डाग पाहिला.

"हा आमच्याकडचा रस्सा," त्या म्हणाल्या. "विहीणबाई, आम्ही भिंतीपर्यंत पाईप उघडला होता."

मी हत्तीच्या कानाचं अस्तर नीट करत राहिले.

साहेबाने रुमाल उलगडला, तशी ह्यांनी हात पुढे करून कवळी उचलली, शर्टाला पुसली आणि तोंडात घातली. टक् असा आवाज आला. सगळ्या रांगेला कळलं ती कुणाची. हे कित्येक महिन्यांनी पहिलं स्वच्छ वाक्य बोलले, आणि ते माझ्याकडे बघून.

"रुमालात होती."

बस्स, एवढंच. रागावले असते तर परवडलं असतं.

साहेब म्हणाला, जा. पण हत्तीचं पोट उघडं, आतून मोजे लोंबतायत, आणि सुई द्यायला नियम आडवा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असा हत्ती बघून चिऊ काय म्हणेल? तेव्हा विहीणबाईंनी चिंध्या आत कोंबल्या, गळ्यातला पांढरा रेशमी स्कार्फ काढला आणि हत्तीच्या पोटावरून गच्च गुंडाळून गाठ मारली. अशी नेटकी की शाळेतल्या प्रथमोपचाराच्या तासाला दाखवावी. मग म्हणाल्या, "चला, पळा आता!" त्या दिवशी त्यांचं हे एकच वाक्य पूर्णविरामाशिवाय आलं.

आम्ही पळालो. हे पट्टा खांद्यावर टाकून, मी हत्ती कडेवर घेऊन, विहीणबाई बाहुलीची पेटी सावरत. विमानात बसल्यावर ह्यांनी खिसे चाचपले. नवी कवळी ट्रेमध्येच राहिली होती! हे म्हणाले, राहू दे, त्यांना नियम चावायला उपयोगी पडेल.

आम्ही पोचलो तेव्हा चिऊ झोपली होती. सकाळी ती आमच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने हत्ती घेतला आणि तिची नजर त्या पांढऱ्या पट्टीवर गेली. मी काहीतरी सारवासारव करणार होते.

"याचं पण पोटाचं ऑपरेशन झालं?" तिने विचारलं.

"कालच," हे म्हणाले. "साहेबांनी स्वतः केलं. मी तिथेच होतो."

"रडला?"

"अजिबात नाही. आजी रडली."

चिऊने विचार केला. मग हत्तीला काखेत मारून ती गाडीत जाऊन बसली आणि आम्हालाच म्हणाली, चला ना.

माझा राग मात्र गेला नाही. दात सापडले हे खरं, पण ते सापडले म्हणून सगळ्या गावाला माझ्या पिशवीत डोकवायचा हक्क मिळतो का? परत आल्यावर मी विमानतळाच्या कार्यालयाला चार पानी तक्रार लिहिली. पडदा रांगेकडून फिरवा, माणसांच्या खासगी वस्तू आडोशाला उघडा, परक्या बायकांना आजी म्हणू नका. ओघात कवळी राहिल्याचाही उल्लेख आला. महिन्याभराने छापील उत्तर आलं की आपण वर्णन केलेली कवळी आढळून आलेली नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

साहेब आणि ती मुलगी पुन्हा दिसली नाहीत. पडद्याला मात्र पुढे आडोसा आला. तो माझ्यामुळे आला असं मी सगळ्यांना सांगते, आणि अजून कुणी खोडून काढलेलं नाही. हे जुनी कवळी शेवटपर्यंत वापरून गेले. रात्री ती पाण्याच्या पेल्यात, आणि पेला माझ्या हाताला लागणार नाही अशा जागी. विहीणबाईंशी माझी त्यानंतर फार मैत्री झाली. माझं काहीही सापडेनासं झालं की त्या फोनवर एवढंच विचारायच्या, "हत्तीत बघितलंत?" त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. बाहुलीचे डोळे केव्हाच मिटेनासे झाले. लेक-जावई आता आमच्याच गावात राहतात. चिऊ नोकरीनिमित्त सारखी विमानाने फिरते, हात वर करून उभी राहते आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही, याचं मला वाटतं. नोकरीला लागली तेव्हा हत्ती माझ्याकडे ठेवून गेली. पोटावरची पट्टी तिने कधी सोडू दिली नाही.

परवा माझी कपाटाची किल्ली दिसेना. घरात कुणी नव्हतं. मी हत्ती खाली काढला आणि पोट चांगलं चाचपून पाहिलं. नव्हती.

तेव्हा मला पक्कं आठवलं, मागच्या आठवड्यात मी लेकीकडे जेवायला गेले होते. तिला फोन करून सांगितलंय, बेसिनखालचा पाईप उघडून बघ.