जोडीतल्या थोरल्याने न्यावा

पॅरिसहून जिंकून आणलेला चषक वीत्स्काने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, तेव्हा तिच्या आईने, हिंकाबाई पोस्तमा यांनी, पहिली गोष्ट विचारली ती ही : "हे इथे किती वेळ राहणार आहे? मला बटाटे सोलायचेत."

वीत्स्का एकेरीत कधी फारशी चमकली नाही, पण दुहेरीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अठराव्या वर्षापासून ती जोडीदारणी बदलत खेळत आली होती. एक लग्न करून गेली, एक गुडघा धरून गेली आणि एक तर वीत्स्काच्या जिवावर एवढी मोठी झाली, की 'आता मी एकटीच खेळते' म्हणून गेली. वीत्स्का जाळीपाशी उभी राहून पुढचीची वाट बघत राहिली. शेवटी बत्तिसाव्या वर्षी रुमानियाच्या इलिंकाबरोबर तिने पॅरिसची स्पर्धा मारली. टीव्हीवर दाखवतात तो मोठा चषक पॅरिसलाच राहतो. घरी न्यायला मिळते ती त्याची धाकटी प्रतिकृती. पण धाकटी असली तरी अस्सल चांदीची, दोन नाजूक कानांची. विमानात वीत्स्काने ती मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"आई, निदान खिडकीत तरी ठेवू या ना," ती म्हणाली.

"खिडकीत? म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला? लोक काय म्हणतील, पोस्तमांची मुलगी जिंकली काय आणि घरावर झेंडे लावले काय! साधं राहावं माणसानं. पुढच्या शनिवारी नगरपालिकेत सत्कार आहे ना, तिथं मिरव हवं तेवढं."

आमच्या तेर्पवाल्ड गावात हा न्याय सगळ्यांना लागू आहे. इथे माणसाने नवी सायकल घेतली, तरी पहिले चार दिवस तो ती गॅरेजमध्ये ठेवतो. तेव्हा हिंकाबाईंनी चषक भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळला आणि जिन्याखालच्या कपाटात टाकला. त्याच कपाटात, तसल्याच फडक्यात, गावच्या टेनिस क्लबचा फिरता चषकही होता, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. क्लबच्या समितीच्या प्रमुख त्याच असल्यामुळे तो नेहमी तिथेच असायचा.

त्या दिवशी बुधवार होता. बुधवारी संध्याकाळी क्लबात सोडतीचा खेळ असतो. जमतील त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या, ज्याच्या नशिबी जो जोडीदार येईल त्याच्याबरोबर खेळायचं, आणि जिंकेल त्या जोडीने चषक आठवडाभर न्यायचा. पूर्वी दोन बहिणी जिंकल्या आणि चषक कुणाच्या घरी यावरून वर्षभर बोलत नव्हत्या. तेव्हापासून हिंकाबाईंनी नियमच केला : चषक जोडीतल्या थोरल्याने न्यावा.

हिंकाबाई त्या संध्याकाळी चर्चमध्ये गायला गेल्या होत्या. वर्षभर हॉटेलांत झोपलेली वीत्स्का स्वतःच्या पलंगावर मेल्यासारखी झोपली होती. समितीतल्या रिक्स्टबाई मागच्या दाराने आल्या, कपाट उघडलं, फडक्यातलं पहिलं गाठोडं हाती लागलं ते उचललं आणि गेल्या. क्लबात फडकं सोडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "चला, हिंकानं शेवटी पॉलिश केलं म्हणायचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वीत्स्का सायकलवरून पाव आणायला निघाली आणि वळणावर कुंपणात शिरता शिरता वाचली. गोसेकाकांच्या खिडकीत, दोन ऑर्किडच्या कुंड्यांच्या मधोमध, तिचा चषक उन्हात झळकत होता.

पाव तसाच राहिला. ती घरी येऊन कपाट उपसते तो काय, आत पोचा आलेला, एक कान डाग देऊन चिकटवलेला क्लबचा चषक. हिंकाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग मुलीकडे बघितलं आणि कोट चढवला.

"त्यात काय एवढं? आत्ता जाते आणि सांगते त्याला, गोसे, चूक झाली, हा घे तुझा. मी कुणाची भीडभाड ठेवत नाही."

हे अगदी खरं होतं. पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं, तर दारातच त्यांना तसं सांगणारी ही बाई. पण तासाभराने त्या परत आल्या, त्या क्लबच्या चषकाचं गाठोडं काखेत तसंच घेऊन.

"सांगितलंस?"

"त्यानं केक आणला होता," हिंकाबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "गुलाबी साखरेचा, अख्खा. मला दोन तुकडे वाढले."

दोन तुकडे! तेर्पवाल्डमध्ये पाहुण्याला केकचा एक तुकडा मिळतो आणि डबा बंद होतो. वीत्स्काला परिस्थिती कळली.

"जन्मात पहिल्यांदा काही जिंकलोय म्हणाला. बाउक्या, त्याची बायको, आज असती तर रोज पुसला असता तिनं. आणि अगं, रडला तो! अख्ख्या गावासमोर, उघड्या खिडकीत! आता मी काय बोलणार, डोंबल?"

मग वीत्स्का स्वतः गेली. गोसेकाका म्हणजे गावचे जुने दूधवाले. एकोणऐंशी वर्षांचे, हातापायाने काटक, आणि टेनिसमध्ये अख्ख्या प्रांतात त्यांच्याइतका वाईट माणूस शोधून सापडला नसता. दर बुधवारी ते यायचे, दर बुधवारी हरायचे आणि शेवटी सगळ्यांच्या आधी कोर्टावर जाळी ओढून माती सारखी करायचे. आदल्या संध्याकाळी त्यांची जोडी रिक्स्टबाईंशी जमली, समोरच्याचा पाय मुरगळला आणि काका जिंकले.

"ये, ये, चॅम्पियन!" त्यांनी तिला खिडकीशी नेलं. "बघ. उचलून बघ, जड आहे चांगला. तुझा पॅरिसचा तर केवढा असेल! पण खरं सांग, असा सुबक कधी मिळाला तुला?"

"एकदा मिळालाय, काका."

"मग तुला कळेल मला काय वाटतंय ते."

वीत्स्काने केकचे दोन तुकडे खाल्ले आणि घरी आली.

तिला रडू येत होतं आणि रडायला कारणही होतं. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांना चॅम्पियन केलं होतं. स्वतःचं म्हणावं असं हे एकच भांडं. येत्या नाही, पुढच्या शनिवारी सत्कार. नगराध्यक्ष येणार, फोटोवाले येणार आणि ती हातात काय धरणार? डाग दिलेला कान?

"मधे एक बुधवार आहे," ती म्हणाली. "मी सोडतीत खेळते आणि जिंकून आणते."

"आणि थोरल्यानं न्यावा, त्याचं काय? बुधवारी क्लबात सगळे साठीच्या पुढचे असतात. तू कुणाबरोबरही जिंकलीस तरी चषक दुसऱ्याच्याच घरी."

"मग नियम बदल."

"मीच केलेला नियम, माझ्याच मुलीसाठी बदलू? लोक काय म्हणतील!" हिंकाबाईंनी विचार केला. "एकच वाट आहे. मी जिंकायला पाहिजे. माझ्या जोडीला तू आलीस तर प्रश्नच नाही, थोरली मीच. आणि नाही आलीस, समोर आलीस, तर… तर हरायचं."

"आई, मी कधी मुद्दाम हरलेली नाही."

"आईशी हरायला काय जातंय? बटाट्याच्या भाजीत मीठ कमी म्हणताना जीभ बरी चालते!"

बुधवारी क्लबात ही गर्दी. वीत्स्का खेळणार म्हटल्यावर ज्यांच्या रॅकेटवर कोळिष्टकं धरली होती तेसुद्धा आले. रिक्स्टबाईंनी टोपी हलवली आणि चिठ्ठ्या काढल्या. "हिंका आणि… अगबाई, मीच! वीत्स्का आणि… गोसे!"

गोसेकाकांनी टोपी काढून डोकं पुसलं. "पोरी, तुझं नशीब फुटलं गं."

हिंकाबाईंनी मुलीला डोळा घातला. रिक्स्टबाई त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकट्या होत्या.

अंतिम सामन्यात या दोनच जोड्या उरल्या यात नवल नव्हतं. हिंकाबाईंचे उंच फेकलेले चेंडू आभाळातून बर्फ पडावा तसे सावकाश येत आणि कुणालाच परतवता येत नसत. रिक्स्टबाईंना हलता येत नसे, पण चेंडू त्यांच्याकडेच येई. इकडे काका अर्धे चेंडू शेजारच्या कुरणात धाडत आणि उरलेलं सगळं कोर्ट वीत्स्का एकटी सांभाळी. तिला जोरात मारायची सोय नव्हती. साठीच्या वरच्या माणसाच्या अंगावर मारायचं नाही, हा क्लबचा रिवाज. तरी चार-चार अशी बरोबरी झाली. सहा गेम आधी घेईल तो जिंकणार होता.

सर्व्हिस वीत्स्काची होती. तिने आईकडे बघितलं. आईने भुवया उडवल्या. वीत्स्काने डोळे मिटून पहिला चेंडू जाळीत मारला. दुसराही जाळीत.

कॅन्टीनच्या पायऱ्यांवर बसलेले लोक उठून उभे राहिले. आणि ज्या बाईने ही युक्ती काढली होती, तिच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"हे काय होतं?" हिंकाबाई गरजल्या.

"चुकलं, आई."

"चुकलं? पॅरिसला चुकलं नाही ते! मला दान करतेस? या कोर्टावर मला कुणी पॉइंट दान दिलेला नाही, तुझ्या बापानंसुद्धा नाही!"

"आई, तूच म्हणालीस—"

"मी म्हणाले, पण दिसेल असं करायला नव्हतं म्हटलं! माझ्या मुलीचा पॅरिसचा चषक भीक म्हणून नकोय मला!"

बोलून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण आता सारा गाव ऐकत होता. रिक्स्टबाईंच्या हातून रॅकेट पडली. "म्हणजे पॉलिश नव्हतं ते?"

गोसेकाका हळूहळू वीत्स्काजवळ आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तो तुझा आहे?"

"हो, काका."

"आणि मी तुलाच विचारलं, असा कधी मिळाला का म्हणून." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "आज आपण जिंकलो तर तो माझ्याकडे राहणार, आणि हरलो तर हिंकाकडे, म्हणजे तुझ्याकडे. असंच ना?"

"असंच."

"मग मी हरणार."

"माझ्या जोडीदाराला मी हरू देत नाही, काका. आत्ता एक पॉइंट दिला, त्याचीच लाज वाटतेय मला."

"मला कोण अडवतंय बघू! हरण्यात माझा हात धरणारा या प्रांतात नाही."

आणि मग गावाने कधी बघितला नव्हता असा खेळ सुरू झाला. हिंकाबाई आणि रिक्स्टबाई इरेला पेटून जिंकायला खेळत होत्या, काका जिवाच्या करारावर हरायला खेळत होते आणि वीत्स्का दोन्ही बाजूंशी एकटी लढत होती. काकांनी सोडलेला चेंडू ती त्यांच्या पाठीमागून धावत येऊन उचली. काका चेंडूच्या वाटेतून बाजूला झाले, की ती तिथे हजर. तिला एवढं हसू येत होतं, की दोनदा तिने हसत हसतच चेंडू मारला. इतक्या वर्षांत टेनिस खेळताना ती हसली नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी आठवडाभर झालेली तिची गत संपली होती. आता चषक कुणाकडे जायचा तो जावो, तिला ही मॅच हवी होती.

पाच-पाच झाले. शेवटच्या गेममध्येही बरोबरी झाली. आता जो पॉइंट घेईल त्याची मॅच. हिंकाबाईंनी चेंडू उंच उडवला आणि तो नेमका काकांच्या डोक्यावर आला. वीत्स्का जाळीपाशी अडकली होती. या वेळी तिला पोचता येणार नव्हतं. काकांनी संधी ओळखली. आयुष्यभर आत मारायचे चेंडू ज्यांनी बाहेर घालवले, त्या माणसाने पहिल्यांदा ठरवून बाहेर मारायचं मनावर घेतलं. डोळे मिटून, होती नव्हती ती ताकद लावून त्यांनी चेंडू थेट कुरणाच्या दिशेने भिरकावला.

पण आमच्याकडचा वारा कुणाचा मिंधा नाही. कुरणावरून आलेल्या एका झोताने चेंडू हवेतच अडवला, मागे ढकलला, आणि तो हिंकाबाईंच्या पाठीमागे, अगदी शेवटच्या पट्टीपाशी पडला.

"बाहेर!" रिक्स्टबाई आनंदाने ओरडल्या.

"बाहेर, बाहेर!" काकाही ओरडले.

क्लबात पंच नसतो. ज्यांच्या बाजूला चेंडू पडतो त्यांनीच निकाल द्यायचा. हिंकाबाई मागे गेल्या. मातीत चेंडूचा ठसा उमटला होता. त्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि वाकूनच राहिल्या. त्या एका शब्दावर मुलीचा चषक घरी येत होता, आणि सगळ्यांनी तो शब्द आधीच उच्चारलाही होता.

हिंकाबाई सरळ झाल्या.

"आत," त्या म्हणाल्या. "ठसा पट्टीला लागलाय. मी काय आंधळी आहे?"

पायऱ्यांवरून जो आरडाओरडा उठला तो कुरणातल्या गाई पळाल्या एवढा होता. वीत्स्काने रॅकेट फेकली आणि काकांना उचलून गरकन फिरवलं. काका "अगं, खाली ठेव, माझी पाठ!" म्हणत होते आणि हसत होते. हिंकाबाई जाळीवरून हात पुढे करून आल्या. मुलीचा हात त्यांनी असा दाबला, की तिला पॅरिसमध्येही एवढी शाबासकी मिळाली नव्हती.

काकांनी चषक दोन्ही हातांनी वीत्स्कापुढे धरला. "घे, पोरी. झालं माझं."

"वा रे वा!" हिंकाबाई मधे पडल्या. "थोरल्यानं न्यावा. पुढच्या बुधवारपर्यंत तो तुझ्या खिडकीत राहील."

"आणि शनिवारी सत्काराला तुम्ही घेऊन या," वीत्स्का म्हणाली. "कोट घालून या."

शनिवारी नगरपालिकेचं सभागृह भरून गेलं. नगराध्यक्षांनी गळ्यातली सोन्याची साखळी सावरत भाषण केलं आणि म्हणाले, "आता आपल्या चॅम्पियनने चषक उंच धरावा!" मग सगळ्यांनी बघितलं, तर चषक पहिल्या रांगेत काळा कोट घातलेल्या एका म्हाताऱ्याच्या मांडीवर होता. काका उठले, मंचावर चढले आणि चषकाचा एक कान त्यांनी वीत्स्काच्या हातात दिला. दुसरा मात्र सोडला नाही.

फोटो निघाले. वर्तमानपत्राची एक तरुण बातमीदार पुढे आली, तिने आधी काकांकडे आणि मग जरा गोंधळून वीत्स्काकडे बघितलं.

"हे कोण आपले?"

"जोडीदार," वीत्स्का म्हणाली.

"दुहेरीतले? पण ती रुमानियाची… म्हणजे, तुम्ही दोघं केव्हापासून एकत्र खेळताय?"

"बुधवारपासून," गोसेकाका छाती पुढे काढून म्हणाले. "पण लिहून घ्या, अजून एकही मॅच हरलेलो नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला."