दहा बाय आठमध्ये सात माणसं

फोटोच्या फ्रेमची मापं ज्या कोणी ठरवली, त्याला घरदार नव्हतं. बहीण नसावी, मेहुणा तर नक्कीच नसावा. असता, तर कॅमेऱ्यातून बारा बाय आठचा फोटो निघत असताना दहा बाय आठची फ्रेम बाजारात मांडायची त्याची छाती झाली नसती. उरलेली दोन इंच माणसं कुठे ठेवायची, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. कॅमेरावाल्याने आपलं माप ठरवलं, फ्रेमवाल्याने आपलं. दोघांची गाठ कधी पडली नाही, आणि मधल्या मध्ये भरडला गेला मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, शिवणाचा. तीस वर्षं कात्री चालवून तो एवढंच शिकला होता की माप माणसाचं घ्यायचं आणि कापड कापायचं. माप फ्रेमचं घेऊन माणूस कापायचा, ही विद्या त्याला ठाऊक नव्हती. उलट प्रत्येक पँटच्या मागच्या शिवणीत तो दोन इंच कापड आत दुमडून ठेवी. माणूस आज ना उद्या सुटतोच, असं त्याचं ठाम मत होतं.

फ्रेम पाठवली होती अक्काने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने. काळ्या लाकडाची, कडेला वेलबुट्टी, मागे अडकवायला पितळी कडी. सोबत फोनवर निरोप, "दुकानासमोर काढलेला फोटो हिच्यात घाल. रविवारी अकराला येते. भिंतीवर दिसू दे."

अक्काचा निरोप हा निरोप नसतो, नोटीस असते. मागे एकदा मास्तरने तिचं ब्लाउज बाजूला ठेवून बायकोचं आधी शिवलं, तर अक्का दोन वर्षं या घराची पायरी चढली नव्हती. दुकान नव्या जागेत गेलं त्या दिवशी ती कशीबशी आली, आणि एका गिऱ्हाईकाने आपल्या मोठ्या कॅमेऱ्यावर सगळ्यांचा फोटो काढला. सात जण एका रांगेत. डाव्या टोकाला अक्काचा नवरा भाऊजी, मग भाची, मग अक्का. मधोमध मास्तर. त्याच्या उजवीकडे बायको, मुलगा आणि टोकाला बायकोचा भाऊ, म्हणजे मेहुणा. मास्तर मधोमध होता तो मान म्हणून नव्हे. अक्का आणि बायको एकमेकींशेजारी उभ्या राहीनात, म्हणून बांधावर दगड रोवतात तसा त्याला मध्ये रोवला होता. दोघी एकमेकींशी बोलतही त्याच्याच मार्फत. "तुझ्या बायकोला सांग, पदर सरळ कर." "अहो, वन्संना सांगा, त्यांचाच वाकडा आहे."

शनिवारी दुपारी मास्तर फोटो स्टुडिओत गेला. स्टुडिओवालीने फोटो कॉम्प्युटरवर उघडला, त्यावर दहा बाय आठची चौकट ठेवली आणि माउस त्याच्यापुढे सरकवला.

"घ्या. चौकट हवी तिकडे ओढा. बाहेर राहील ते जाईल."

"जाईल म्हणजे?"

"क्रॉप होईल."

"क्रॉप म्हणजे कापणंच ना?"

"कापणं म्हणायला बरं वाटत नाही म्हणून क्रॉप म्हणतो."

मास्तरने चौकट डावीकडे ओढली. मेहुणा गेला. उजवीकडे ओढली. भाऊजी गेले. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. असा अर्धा तास त्याने दोन घरं उद्ध्वस्त केली आणि वसवली. शेवटी चौकट बरोबर मध्यावर आणली. भाऊजींचा एक कान, एक खांदा आणि घड्याळाचा हात गेला. मेहुण्याचा एक कान, एक खांदा आणि खिशातला पेन गेला.

"समान न्याय झाला," मास्तर म्हणाला.

"अजून व्हायचाय," स्टुडिओवाली म्हणाली. "फ्रेमची कड आतून पाव इंच खाते. चारही बाजूंनी."

"मग काय उरेल?"

"दोघांचं नाक उरेल."

मास्तर हटणाऱ्यातला नव्हता. बिघडलेला कोट दुसऱ्याच्या अंगावर चढवून खपवणाऱ्यातलाही नव्हता. त्याने तिच्याकडून तीन तऱ्हांनी फोटो छापून घेतले आणि घरी येऊन बायकोसमोर टेबलावर मांडले.

पहिल्यात मेहुणा नव्हता. बायकोने तो हातातही घेतला नाही. "माझा भाऊ आडवा आला का तुमच्या फ्रेमला?"

दुसऱ्यात स्टुडिओवालीने बारा इंच दाबून दहात बसवले होते. सगळे बारीक आणि उंच झाले होते. भाऊजी मुळातच काठी, ते आता उदबत्तीची काडी दिसत होते. बायको मात्र या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली.

"हा चांगलाय."

"अगं, भाऊजी आजारी वाटतायत. अक्का विचारेल, माझ्या नवऱ्याला काय झालं म्हणून."

"पण मी बघा ना कशी दिसतेय."

"तू एकटी दिसायची नाहीयेस."

तिसऱ्यात फोटो पूर्ण होता, पण लहान केलेला. वर आणि खाली पांढरे पट्टे. बायको म्हणाली, "जखमेला बांधल्यासारखं वाटतंय."

"मग बारा बाय आठची दुसरी फ्रेम आणू?"

"वन्संनी दिलेली फ्रेम बदलायची? त्यापेक्षा घर बदला. सोपं पडेल."

ते मात्र खरं होतं. एक माणूस कापला तर कायमचं भांडण, फ्रेम बदलली तर दोन वर्षांचा अबोला. मास्तरने मुकाट्याने चपला घातल्या, स्टुडिओत जाऊन चौथा फोटो छापून आणला, मूळचा, बारा बाय आठचा, आणि दुकानात जाऊन कापायच्या टेबलावर पसरला. टेप गळ्यात होतीच. त्याने सगळ्यांची मापं घेतली. भाऊजी पावणेदोन इंच. मेहुणाही पावणेदोनच. बायको किती, ते त्याने लिहून ठेवलं नाही. आणि स्वतः मास्तर, खांद्यापासून खांद्यापर्यंत, बरोबर दोन इंच.

त्याने टेप पुन्हा गळ्यात टाकली. मग आपल्याशीच म्हणाला, "कापायचं कशाला. चुणी घालू."

गिऱ्हाईकाच्या अंगापेक्षा कापड जास्त झालं तर कात्री लावत नाहीत, चुणी घालून आत दाबतात. त्याने एक घडी अक्काच्या खांद्याशी घेतली, दुसरी बायकोच्या खांद्याशी, आणि मधला मास्तर नाकाच्या सरळ रेषेत दुमडून मागे सारला. वर मलमलचा तुकडा, त्यावर कोमट इस्त्री. फोटो उलटून बघितला आणि तो थबकला. फोटो काढताना अक्काने हात त्याच्या पाठीमागून नेऊन पलीकडच्या खांद्याच्या कडेवर ठेवला होता. मास्तर आत गेला, पण तिची चार बोटं बाहेर उरली होती. ती आता बायकोच्या खांद्यावर होती, वर्षानुवर्षांची मैत्रीण असल्यासारखी.

फोटो फ्रेममध्ये पाण्यासारखा बसला. दोन्ही टोकांना कडेने थोडं खाल्लं, पण भाऊजींचं घड्याळ राहिलं, मेहुण्याचा पेन राहिला. रविवारी सकाळी मास्तरने खिळा ठोकला आणि फ्रेम अडकवली. बायको स्वयंपाकघरात होती, तिने अजून बघितलं नव्हतं.

अकराच्या ठोक्याला अक्का आणि भाऊजी आले. मास्तर चहाचा ट्रे घेऊन दारात उभा. बायको त्याच्या मागे. भाऊजींनी आधी स्वतःला शोधलं, घड्याळ दिसल्यावर ते खुर्चीत बसले. अक्का मात्र फ्रेमजवळ गेली, चष्मा वर केला आणि हलेना.

"मी हात ठेवला होता तुझ्या खांद्यावर?" तिने विचारलं.

मास्तर उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की प्रश्न त्याला नव्हता. प्रश्न थेट बायकोला होता. असं या घरात आजवर घडलं नव्हतं.

बायको पुढे आली, तिने फोटो बघितला, एकदा मास्तरकडे बघितलं. "ठेवला होता ना, वन्सं. जडच होता जरा."

"मग सांगायचंस."

"म्हटलं, राहू दे. बरा वाटत होता."

अक्का खाली बसली आणि बायकोला शेजारी बसवून घेतलं. मग दोघींचं सुरू झालं. त्या ब्लाउजचा विषय निघाला, चूक मास्तरची होती यावर दोघींचं चटकन एकमत झालं. ट्रे हातात धरून मास्तरचे दंड भरून आले.

"फोटो मात्र झकास बसला," अक्का म्हणाली. "सगळे आले. कुणी सुटलं नाही."

"मोज बरं," मास्तर म्हणाला.

अक्काने बोटांवर मोजलं. "सहा. सहाच तर होतो."

"फोटो तुम्हीच काढलात ना?" भाऊजींनी चहाचा कप उचलत विचारलं.

मास्तरने ट्रे सावरला. पण बायको शिंप्याची बायको होती. तिने मान तिरकी करून उजेडात फोटो बघितला, तिला मधली रेघ दिसली, आणि ती उठून त्याच्याजवळ आली.

"कापलंत की आत सोडलंय?" तिने हळूच विचारलं.

"आत आहे. पूर्ण दोन इंच."

मग अक्कालाही कळलं. ती भावाकडे बघू लागली, फोटोकडे बघू लागली, आपल्या चार बोटांकडे बघू लागली. मास्तरने ट्रे टेबलावर ठेवला.

"आता सरळ सांगा. उसवलं तर मी येतो, पण फोटो या फ्रेममध्ये मावत नाही, आणि तुम्ही दोघी पुन्हा दोन बाजूंना. उसवू, की राहू दे?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग दोघी एकाच सुरात म्हणाल्या, "राहू दे."

"राहतो की," मास्तर म्हणाला. "पण तुम्हा दोघींच्या मधली जागा तर गेली. कुठे राहू, ते आधी सांगा."