जावईबापूंचा माउस

इचोड्याच्या बाजारात सुधाकररावांइतका जावईवेडा सासरा शोधून सापडला नसता. "आमचे जवाईबापू हैदराबादेत बसून आमच्या दुकानातला कॉम्प्युटर चालवतेत!" हे ते लग्नपत्रिका छापायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत, गिऱ्हाईक घाईत असो की नसो. त्यात खोटं काही नव्हतं. मागे प्रिंटर रुसला तेव्हा जावयाने, पंकजने, तिकडून माउस फिरवून त्याला खरंच ताळ्यावर आणलं होतं. तेव्हापासून तो माउस म्हणजे सुधाकररावांच्या लेखी जावयाचा हात.

त्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या अकलेनेही एक पराक्रम केला. कुणीतरी ग्रुपवर टाकलेलं पत्रिकांच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. एकदम फुकट! आनंदात त्यांनी शेजारच्या ढाब्यावर सगळ्यांना चहाही पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी महिपत आपल्या लेकीची, पूनमची, पत्रिका न्यायला आला. पहिली पत्रिका संध्याकाळी कुलदेवीपुढे ठेवायची होती आणि ती तर अजून कॉम्प्युटरातच होती. सुधाकरराव खुर्चीकडे वळले, तोच पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला!

"जवाईबापू आले!" सुधाकररावांनी चटकन टोपी सारखी केली. कॅमेऱ्याचा दिवा लागला तसे त्यांनी हात जोडले, महिपतलाही जोडायला लावले आणि आत बायकोला हाक मारली, "रेणुका, पदर घे अन ये! जवाई पाहून राह्यले!"

बाण फटाफट फिरत होता. एक फोल्डर उडालं. दुसरं उडालं.

"भाऊ, माह्या पूनमची पत्रिका उडाली न!" महिपत ओरडला.

"गप रे! साफसफाई करून राह्यले ते. जवायाच्या कामात हात घालाचा नसते. अन मेलमंदी हाये न सारं!"

काय तो झपाटा! काय ती हुशारी! सुधाकररावांचा ऊर भरून आला. इतक्यात त्यांच्या मोबाइलवर मेल उघडण्याचा नंबर आला आणि पडद्यावर एक चौकोन उमटला: 'अंकल, मोबाइल पे नंबर आया होगा, जल्दी बताइए.'

"पाहा! नंबर इथं आला अन त्याईले तिथं समजलं!" सुधाकरराव गहिवरून टाइप करायला बसले.

रेणुकाबाईंनी वाचलं आणि त्यांचा हातच धरला. "थांबा! पंकजराव तुमाले अंकल काऊन म्हणून राह्यले? मामाजी म्हणतेत न ते!"

"हापिसात हिंदी बोलून सवय लागली असंन."

"काई बी लागो, आपला जवाई अंकल नाई म्हणत!" त्यांनी मोबाइल हिसकावला आणि स्पीकर लावून थेट जावयालाच फोन केला.

"मी तर जेवून राह्यलो, मामी," पंकज म्हणाला.

"मंग इथं माउस कोन फिरवून राह्यलं?"

मग हैदराबादेतून किंकाळीच आली. "मामाजी, नंबर देऊ नका! आधी नेटची वायर उपटा!"

सुधाकररावांनी वायर अशी उपटली की भिंतीचा पोपडाही सोबत आला. बाण जागीच थिजला. फुकटच्या सॉफ्टवेअरच्या पोटात ट्रोजन, म्हणजे लपून आलेला घरभेदी प्रोग्राम, होता, पंकजने समजावलं. त्या ट्रोजनने आतून मागचं दार उघडून दिलं आणि चोर खुशाल येऊन बसला. नंबर दिला असता तर मेल गेला असता, आणि त्यासोबत अख्ख्या सीझनच्या पत्रिका!

"मंग ते सॉफ्टवेअर काढून टाकतो न!"

"तेवढ्यानं नाई भागत, मामाजी. त्यानं आणखी काय घुसवलं कोन जाने? सारं पुसून विंडोज नवी टाका."

पंकज फोनवरून सांगत गेला, रेणुकाबाई बटणं दाबत गेल्या. आधी मोबाइलवरूनच पासवर्ड बदलले. मग पंकजने मागे ठेवून दिलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने चढवली, नेटची वायर परत जोडून अँटिव्हायरस बसवला आणि मेलमधली पूनमची पत्रिका उतरवली. ती छापून निघाली तेव्हा दिवस कलला होता. महिपत ओल्या शाईचीच पत्रिका घेऊन देवीकडे पळाला.

सुधाकररावांनी खुर्चीत अंग टाकलं.

"काई म्हन रेणुका, चोर मोठा अदबीचा होता! अंकल-अंकल करून बोलला. बोलवा बी नाई लागलं, आपल्या पायानं हजर! नाईतर आपले जवाई. धा हाका माराव्या तवा एक फोन उचलतेत!"

रेणुकाबाई केव्हाच्या डोळ्यांनी खुणावत होत्या. टेबलावरच्या मोबाइलमधून कुणीतरी घसा खाकरला.

"मामाजी, मी ऐकून राह्यलो."